पुढे मातीचं घर, मागे स्लॅबच्या खोल्या: तार कुठे टाकायची आणि वायफाय कुठे ठेवायचं

दारव्हा तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढे जुनं, जाड मातीच्या भिंतींचं घर. मधे आंगण. मागे साठ-सत्तर फुटांवर स्लॅबच्या दोन नव्या खोल्या, त्यांना लागूनच कापूस साठवायची टिनाची खोली, आणि थोडं पलीकडे गुरांचा कोठा. फायबरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे आणि केबलवाल्याने डबा पुढच्या ओसरीत बसवून दिला आहे. मुलाचा ऑनलाइन क्लास मागच्या खोलीत चालतो, सूनबाई तिथूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतात, आणि रेंज नेमकी तिथेच नाही. एक्स्टेंडर, म्हणजे रेंज पुढे ढकलणारा डबा, लावून पाहिला, उपयोग झाला नाही. आता कापसावर लक्ष ठेवायला चार कॅमेरे बसवायचे आहेत. मेश, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेले वायफायचे डबे, घ्यावं की तार टाकावी? आणि जमलं तर एक किलोमीटरवरच्या शेतातही नेट हवं आहे.

भाऊ, तार टाका. पण त्याआधी तो डबा हलवा.

ओसरीत डबा बसला, कारण खांबावरून येणारी फायबर तिथे आधी पोचत होती. केबलवाल्याच्या दृष्टीने ते सोयीचं आहे. तुमच्या घरात मात्र ज्यांना नेट अडून चालत नाही ते सगळे मागे आहेत: क्लास, ऑफिसचं काम, कॅमेरे. पुढे फक्त मोबाइल आणि टीव्ही. म्हणून मुख्य डबा, म्हणजे ओएनटी, मागच्या स्लॅबच्या खोलीत न्या आणि पुढच्या घराला तिथून वायफाय पोचवा. उद्या पुढे जाणाऱ्या जोडणीत काही बिघडलं तर पुढे टीव्ही बंद पडेल, सूनबाईंची मीटिंग बंद पडणार नाही. हा एक बदल केला की निम्मं काम झालं.

आंगण ओलांडायला दोन कोअरची, म्हणजे आत काचेचे दोन धागे असलेली, फायबर ड्रॉप केबल घ्या, जी केबलवाले घरोघरी ओढतात तीच. एका कोअरवरून कंपनीची लाइन पुढच्या भिंतीवरून मागे ओएनटीपर्यंत जाईल. दुसऱ्या कोअरवरून तुमचं घरातलं नेटवर्क मागून परत पुढे येईल. पाइप एकच, केबल एकच. दुसऱ्या कोअरच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लागतील. फायबरमधला प्रकाश साध्या लॅनच्या तारेत आणणारा हा छोटा डबा असतो. तो जोडीने घ्यायचा: एका फायबरवर चालणाऱ्या जोडीत एक डबा १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा बरोबर उलट. दोन्ही सारखेच आणले तर लिंकचा दिवा लागणारच नाही. दुकानात ए आणि बी असं सांगून मागा, आणि गिगाबिटचाच, म्हणजे १००० एमबीपीएसचाच, मागा. १०० एमबीपीएसवाले अजून विकले जातात. आज चालतील, पण प्लॅन वाढवला की तिथेच अडेल.

कनेक्टरचा रंग पाहूनच घ्या. ओएनटीला हिरवा लागतो, मीडिया कन्व्हर्टरला बहुतेक वेळा निळा. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. बसतात, पण टोकं नीट टेकत नाहीत, प्रकाश वाया जातो आणि कधी कधी टोकच खराब होतं. जोड मारायला केबलवाल्याचा स्प्लायसिंगवाला माणूस बोलवा. मशीन त्याच्याकडे असते. काम झाल्यावर ओएनटीवर येणारी प्रकाशाची पॉवर त्याला मोजायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा. उणे २७ डीबीएम ही शेवटची हद्द समजा. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २५ च्या पलीकडे जात असेल तर जोड पुन्हा मारायला सांगा, कारण पुढच्या पावसाळ्यात तो आणखी घसरेल.

इथे कुणीही विचारेल की साठ-सत्तर फुटांना फायबर कशाला. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. अंतराचा प्रश्न नाहीच, प्रश्न विजेचा आहे. आपल्याकडे मे-जूनच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात ते तुम्हाला सांगायला नको. वीज घरावरच पडावी लागत नाही. शेजारच्या कडुनिंबावर पडली तरी आंगणातून गेलेल्या तांब्याच्या तारेत जोराचा झटका उमटतो आणि तारेच्या दोन्ही टोकांचे डबे एकदम जातात. शिवाय तुमच्या दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असणार. पुढच्या जुन्या घरात ते आहे का, हेही तपासावं लागेल. अशा दोन इमारती तांब्याने जोडल्या की फरकाचा प्रवाह त्या बारीक तारेतून वाहायला लागतो. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज वाहत नाही. म्हणून माझा नियम पक्का आहे: एका छपराखाली तांबं, दोन छपरांच्या मधे फायबर. ड्रॉप केबलमधे आधाराला स्टीलची तार असेल तर ती इमारतीच्या बाहेरच कापून टाका, आत आणू नका. एफआरपीच्या, म्हणजे काचतंतूच्या प्लास्टिकच्या, आधाराची केबल मिळाली तर तीच घ्या, तिच्यात धातूच नसतो.

केबल जमिनीखालून न्यायची तर आपली काळी माती लक्षात ठेवा. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते. पीव्हीसी पाइपाचे जोड दोन वर्षांत ओढले जातात, निखळतात, मग पाण्याबरोबर गाळ आत. म्हणून बिनजोडाचा एचडीपीई पाइप घ्या, वेटोळ्यात मिळतो तो. २५ किंवा ३२ मिलिमीटरचा पुरतो, घरी पाण्याच्या लाइनीचा उरलेला असेल तर तोही चालेल. दीड-दोन फूट खोल चर घ्या, खाली-वर थोडी रेती टाका, आणि आंगणातून बंडी किंवा ट्रॅक्टर जातो तिथे आणखी खोल जा. केबल ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी आतच राहू द्या, पुढे कधी दुसरी केबल ओढायची झाली तर चर खणावा लागणार नाही. दोन्ही तोंडं एमसीलने बंद करा. उंदीर आणि मुंग्या दोघांनाही हा पाइप फार आवडतो. हे खोदकाम मृग लागायच्या आत उरका, चिखलात चर धरत नाही.

आता मागच्या खोल्या. इथे तांबं बिनधास्त वापरा. जे जागेवरून हलत नाही त्याला तार द्या: सूनबाईंच्या टेबलाला एक पॉइंट, मुलाच्या टेबलाला एक, कॅमेऱ्यांना प्रत्येकी एक. कॅट ६ केबल घ्या, पण खोक्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल राजरोस कॅट ६ म्हणून विकली जाते. तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम. ३०५ मीटरचा खोका उचलायला हलका लागला तरी शंका घ्या. ती केबल दोनदा वाकवली की आत तुटते, आणि कॅमेऱ्याला त्याच तारेतून वीज पाठवली की तापते. टिनाला लागून गेलेल्या, शेजारी कापूस असलेल्या ठिकाणी तापणारी तार कुणाला हवी आहे?

क्रिंपिंग, म्हणजे तारेच्या टोकाला प्लग बसवणं, तुम्ही स्वतः केलं तरी जमेल. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी का येते, असं वाटून पुष्कळ इलेक्ट्रिशियन सरळ जोडीला जोडी लावून मोकळे होतात. दोन्हीकडे तसंच केलं तर साध्या टेस्टरवर आठही दिवे बरोबर लागतात आणि सगळ्यांना वाटतं की काम झालं. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेला एकाच पिळाच्या दोन तारा जायला हव्यात. तसं नसलं की पिळाचा फायदा जातो, लाइन तुटक चालते, आणि कारण महिनोन्‌महिने सापडत नाही. पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका.

काम झालं की लॅपटॉप तारेला लावा आणि लिंक किती आहे ते पाहा. १००० दिसायला हवं. १०० दिसलं तर आठपैकी एखादी तार लागलेली नाही किंवा समोरचा पोर्टच जुना आहे. १०० ला फक्त चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. स्पीड टेस्ट वारंवार ९३-९४ वर येऊन थांबत असेल, तर हीच खूण समजा.

कॅमेऱ्यांसाठी लॅनच्या तारेतूनच वीज देणारा पीओई स्विच घ्या, म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा अडॅप्टर आणि बाहेर पावसात लोंबणारे सॉकेट नकोत. खोक्यावर ८०२.३ एएफ लिहिलेलं पाहा. तो एका पोर्टवर १५.४ वॉटपर्यंत देतो आणि समोरचं यंत्र ओळखूनच वीज सोडतो. २४ व्होल्टचे स्वस्त स्विच न ओळखताच वीज सोडतात, ते टाळा. रेकॉर्डिंगचा एनव्हीआर त्याच स्विचवर, त्याच खोलीत ठेवा. मग कॅमेऱ्याचं चित्र स्विचमधल्या स्विचमधे फिरतं, इंटरनेटला त्याचा भार होत नाही. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे एच.२६५ वर (चित्र दाबून लहान करायची पद्धत) प्रत्येकी साधारण दोन एमबीपीएस धरले तर सगळे मिळून आठ, म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट, दिवसाला ८६ जीबीच्या आसपास. दोन टीबीच्या डिस्कमधे तीन आठवडे मावतात. कापूस भावाची वाट पाहत त्याहून जास्त दिवस पडून राहतो, पण चोरी झाली तर ती तीन आठवड्यांच्या आत लक्षात येतेच.

स्विच, एनव्हीआर, अडॅप्टर यांपैकी एकही वस्तू कापसाच्या खोलीत ठेवायची नाही. कॅमेरा खोलीच्या बाहेरून दाराकडे आणि खिडकीकडे तोंड करून लावा. कापसाजवळ विजेचा जोड म्हणजे वर्षभराच्या कष्टाला आगीचं निमंत्रण. या बाबतीत मला कुणाचीही सोय ऐकून घ्यायची नसते. कोठ्यावर वेगळी केबल ओढू नका. स्लॅबच्या कोपऱ्यावरचा कॅमेरा तिकडे वळवला की गुरं दिसतात, आणि अमोनियाच्या वाफेत कनेक्टर गंजण्याचा प्रश्नही उरत नाही.

मोबाइलवर कॅमेरे बाहेरून पाहायला राउटरमधे पोर्ट उघडायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे ते चालतही नाही. कंपनीच्या ॲपवरून एनव्हीआर जोडा. आणि खोक्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, एनव्हीआरचाही आणि राउटरचाही.

आता वायफाय, आणि मेशचा प्रश्न. तुमचा एक्स्टेंडर का चालला नाही ते आधी पाहू. तो जिथे रेंज संपते तिथे लावला असणार. त्याला स्वतःलाच अस्पष्ट ऐकू येतं, मग तो तेच मोठ्याने सांगतो. वर एकाच बँडवर ऐकायचं आणि सांगायचं असल्याने वेग अर्ध्यावर येतो. मोबाइलवर चार काड्या दिसतात आणि पान उघडत नाही. बिनतारी मेशलाही भिंत तीच आडवी येते. दोन फुटी मातीची भिंत, त्यातही पावसाळ्यात ओल धरलेली, ५ गिगाहर्ट्‌झला जवळपास थांबवते आणि २.४ ला दमवते. वर कूलर. लोखंडी पत्र्याचा, आत पाण्याने भरलेला, खिडकीत बसवलेला. चार महिने तो त्या खिडकीतून जाणारी रेंज अडवून उभा असतो. उन्हाळ्यात नेट हळू होतं अशी तक्रार आली की मी आधी कूलर कुठे आहे ते पाहतो.

म्हणून मेशचे पैसे वाचवा आणि पुढच्या घरात साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हींचा) राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावा, मागून आलेल्या फायबरच्या टोकाला. घरात जुना राउटर पडून असेल तर तोही चालेल. तो नेटवर्कला जोडायच्या आधी लॅपटॉपला लावून तीन गोष्टी करा. त्याचा पत्ता बदला: ओएनटी १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. त्याचं डीएचसीपी बंद करा, कारण पत्ते वाटणारा घरात एकच असावा. दोघे वाटायला लागले की कुणाचा मोबाइल चालतो, कुणाचा नाही, आणि रोज वेगळ्याचा. आणि कन्व्हर्टरकडून आलेली तार त्याच्या लॅन पोर्टमधे लावा, वॅनमधे (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा पोर्ट) नाही. ॲक्सेस पॉइंट मोडचं बटण असेल तर हे सगळं तोच करतो.

नाव आणि पासवर्ड पुढे-मागे एकच ठेवा, म्हणजे आंगण ओलांडताना मोबाइल आपोआप बदलतो. चॅनल मात्र वेगळे: २.४ वर मागे १ आणि पुढे ११, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. मोबाइल पुढच्याला सोडत नाही असं दिसलं तर पुढच्याची २.४ ची पॉवर कमी करा, वाढवू नका. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडायची सोय) बंद. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या. लग्नसराईत एकदा दिलेला पासवर्ड गावभर होतो.

एक काळजी घ्या. एकाच स्विचमधे एका तारेची दोन्ही टोकं कधी लावू नका. मोकळं टोक दिसलं म्हणून कुणीतरी खोचतं आणि सगळ्या घराचं नेट बसतं. प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहून ठेवा.

उन्हाळा आणि वीज या दोन गोष्टी आपल्याकडे रेंजपेक्षा जास्त राउटर मारतात. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. यवतमाळ-अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ च्या घरात जातं आणि टिनाखाली त्याहून वर. दुपारी नेट तुटतं आणि संध्याकाळी आपोआप सुरू होतं, तेव्हा लाइनीत दोष नसतो, डबा तापलेला असतो. मागच्या खोलीत स्लॅबपासून दूर, टेबलाच्या उंचीवर, उभा ठेवा. पुढच्या घरात मातीची भिंत रेंजची शत्रू असली तरी डब्याची मैत्रीण आहे, तिथे तो थंड राहतो. फक्त कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नका.

वीज गेल्यावर नेट टिकवायला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. ओएनटीच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलं आहे ते पाहून तेवढं देणाराच घ्या. दहा वॉटचा डबा तीस वॉट-तासांच्या बॅटरीवर तीन तासांच्या आसपास चालतो. खांबांवर मधे विजेची गरज नसते, पण तालुक्याच्या टोकाला केबलवाल्याच्या मशीनला बॅकअप हवा. गावात वीज नसताना ओएनटीचा लाल दिवा लागतो का, ते पाहा. लागत असेल तर यूपीएस आणून उपयोग नाही, आधी त्याच्याशी बोला. पीओई स्विच आणि एनव्हीआर मात्र घरच्या इन्व्हर्टरवरच घ्या.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दुरुस्ती हवी. काळी माती उन्हाळ्यात खड्ड्याभोवती आकसते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून खड्ड्यात पाणी टाकत राहा. आणि ढग भरून आले की अडॅप्टर सॉकेटमधून काढा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर असू द्या, ते विजेची सूचना देतं. ते शेतात माणसांसाठी आधी, राउटरसाठी नंतर.

शेताचं आता. एक किलोमीटरला ५ गिगाहर्ट्‌झची पॉइंट टू पॉइंट जोडी, म्हणजे समोरासमोर तोंड केलेले दोन बिनतारी डबे, लागते, एक स्लॅबवर, एक विहिरीजवळच्या खांबावर. नुसती नजर पोचून भागत नाही. एक किलोमीटरच्या मधोमध या लहरींना सरळ रेषेभोवती साडेतीन ते पावणेचार मीटरपर्यंत जागा लागते, त्यातली निदान साठ टक्के मोकळी हवी, म्हणजे सव्वादोन मीटर. जानेवारीत बसवताना पळाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटून रान मोकळं असतं आणि बाभळीही विरळ दिसतात. सप्टेंबरात तूर माणसाच्या वर जाते, झाडं पानांनी भरतात, आणि लिंक पडते. उंची सप्टेंबरच्या हिशेबाने ठरवा. शेतातल्या फीडरवर चोवीस तास वीज नसते, तेव्हा तिथे छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी लागेल, आणि खांबाला वेगळं अर्थिंग. हा खर्च घरच्या सगळ्या कामापेक्षा जास्त होऊ शकतो. विहिरीवर फक्त मोटर चालू-बंद करायची असेल तर सिमकार्डवर चालणारा स्टार्टर पुरेसा आहे. शेतातही कॅमेरा हवा असेल तरच ही जोडी घ्या, आणि तीही घरचं नेटवर्क एक पावसाळा नीट चालल्यावर.